फूटपट्टीच्या मुठीचा वस्तरा

आमच्याकडे घरातला कर्ता पुरुष दाढी वाढवून ओट्यावर बसला, की लोक एकच समजतात: घरात कुणीतरी गेलं. माझ्या बाबांनी दाढी वाढवली ती वस्तऱ्यापायी. डहाणूच्या चिकूवाडीत ते माळी होते आणि तिथल्या म्हाताऱ्या शेठनं त्यांना आपला जुना विलायती वस्तरा दिला होता. त्याच्या शिंगाच्या मुठीला तडा गेला आणि एक फाक सुटून हातात आली. ब्लेडनं करतात ती दाढी नव्हे, खरवड, असं बाबांचं मत. तलासरीच्या बाजारातल्या न्हाव्याशी, धार कुणाची चांगली यावरून त्यांचं फाटलेलं. म्हणून दाढी तशीच.

शेजारची काकी पदर तोंडाला लावून आली. कोण गेलं हे विचारायला तिची जीभ रेटेना, पण पिठलं-भाकरी मात्र झाकून आणली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना! बाबा म्हणाले, "कोणी गेला नाय, मूठ गेली," आणि भाकरी ठेवून घेतली. मग दुसऱ्या घरून वांग्याची भाजी आली. आईला स्वयंपाकाला सुट्टी, बाबांना रोज नवी चव. घाई होती ती फक्त मला.

रविवारी मला बघायला येणार होते. मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर, बी.एस्सी., डहाणूला कचेरीत नोकरीला. हे मी तेव्हाही कुणी न विचारता सांगायची, आजही सांगते. मुलगा गंजाडचा, शाळेत मास्तर. बायकोची नोकरी त्याला चालणार होती, आणि असं म्हणणारा तोवर दुसरा भेटला नव्हता. मला ते स्थळ हवं होतं. अडचण त्याच्या वडिलांची. सुनेनं रोज एसटीनं कचेरीत जाणं त्यांना पसंत नाही, असं मध्यस्थ सांगून गेले होते. त्यात मध्यस्थांचाच निरोप आला, तुमच्याकडे सुतक आहे म्हणे, बघणं पुढे ढकलू. मी उलट निरोप धाडला, सुतक नाही, या.

आणि मुठीला भिडले. कॉलेजातली पारदर्शक फूटपट्टी कापली, जुन्या मुठीवर ठेवून घासून आकार दिला, तापवलेल्या दाभणानं भोकं पाडली. डहाणूत दागिन्यांचे साचे करणाऱ्या एका कारागिराकडून खिळ्यासाठी पितळेची तार आणली. आधी खिळा इतका ठोकला की वस्तरा उघडेचना. सैल केला तर पातं लटपटायला लागलं. जमलं ते रविवारी सकाळी. मुठीवर सेंटिमीटरचे आकडे स्पष्ट दिसत होते. बाबांनी ते निरखून पाहिले.

"हे कशाला, बाय?"

"दाढी किती वाढली ते मोजा."

त्यांचा एक गाल झाला आणि पाहुणे दारात. लवकरची एसटी मिळाली होती. मुलाचे वडील वस्तरा बघून थबकलेच. असा वस्तरा त्यांच्या लहानपणी घरी होता म्हणे. पहाटे घाईत केलेल्या त्यांच्या दाढीत खुंट राहिले होते. बाबांनी ते बघून तोंड वाकडं केलं, आपला दुसरा गाल उरकला, पातं धुऊन परजलं आणि मुलाच्या वडिलांना पाटावर बसवून फेस लावला.

आत पोहे खाताना मुलाच्या आईनं मला विचारलं, लग्नानंतर नोकरीचं काय. ओट्यावर तिच्या नवऱ्यानं तोंड उघडलं. बाबांनी त्यांची हनुवटी धरून वर केली.

"व्याही, हलू नका. मूठ नवी आहे."

"करणार," मी म्हणाले.

"करू दे की, मला चालतं," मुलगा आईला म्हणाला. तिनं एकदा ओट्याकडे पाहिलं, तिकडून काही आवाज येईना, मग तिनं मान डोलावली.

बाबांनी घाई केली नाही. वस्तऱ्याचा उलटा हातही फिरवला, तुरटी लावली. पाहुण्यांचं तोंड मोकळं झालं तेव्हा माझी आई पसंतीची साखर वाटत होती. त्यांनी गालावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि मला विचारलं, गंजाडहून डहाणूला सकाळची पहिली एसटी कधी असते, ठाऊक आहे का.