चढ सायकलवर, उतार पायी

किस्से जमवायला कुणी मुद्दाम बसत नाही हो. आपण आपली रविवारची सायकल काढतो, घरी येऊन पोहे टाकतो. सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतं, "काय मग, काल कुठे?" की झालं सुरू! आमचे तर इतके साठले, की आता कुठला कुठल्या रविवारचा ते देवालाच ठाऊक.

आम्ही चौघी नाशिकच्या एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो. मी इतिहास, कुसुम शिवण, रेखा भूगोल आणि सगळ्यांत मोठ्या मंगलबाई, गणित. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रविवारी पहाटे साध्या लेडीज सायकली काढायच्या आणि दिंडोरीच्या अंगाला द्राक्षबागांत शिरायचं. नियम एकच: समोरून एसटी आली की समजायचं, रस्ता चुकला! मग पाटाच्या कडेची वाट धरायची. तिथे टेकडीमागे टेकडी, दोन्ही बाजूंना वेलींचे मांडव, आणि आवाज म्हणाल तर आमच्या चाकांचा. माझ्यासारखी बडबडी बाईसुद्धा तिथे गप्प व्हायची, यावरून काय ते समजा.

मंगलबाईंचं मात्र सगळं उलटं. कसलाही चढ असो, न उतरता चढायच्या. आणि माथ्यावर पोचल्या की खाली उतरून, सायकल हातात धरून, चालत खाली यायच्या! लहानपणी एकदा उतारावरून थेट निवडुंगात गेल्या होत्या म्हणे. "चढावर माझी सत्ता चालते, उतारावर सायकलची," असं त्यांचं गणित. पण एकदा हळूच मला म्हणाल्या, "शुभा, आयुष्यात एक तरी उतार सीटवर बसून उतरायचाय गं." त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हेत. मला ते फार लागलं.

*

कुसुमचा पंजाबी ड्रेस ही त्या वर्षीची सगळ्यांत मोठी बातमी. लग्नानंतर पंचवीस वर्षं साडीच! पहिल्या रविवारी ती ड्रेस घालून चोरासारखी बाहेर पडायला गेली, तर दारातच सासूबाई तुळशीला पाणी घालत उभ्या. त्यांनी हिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. कुसुमने घाईघाईने ओढणी सावरली.

सासूबाई म्हणाल्या, "ओढणी चेनमध्ये जाईल. इकडे ये, पिन लावते."

आम्ही कोपऱ्यावर थांबलो होतो. आधी त्या पिनेचं दर्शन घेतलं, मग निघालो.

*

रेखा भूगोलाची, म्हणून रस्ता दाखवायचं काम तिच्याकडे. आणि म्हणूनच आम्ही दर रविवारी चुकायचो! एकदा अशाच बागांच्या बोळांतून फिरून फिरून त्याच विहिरीपाशी तिसऱ्यांदा आलो. विहिरीवर एक म्हातारबाबा निवांत बसलेले.

रेखाने विचारलं, "बाबा, दिंडोरी किती लांब?"

"सायकलीनं का जीपनं?"

"सायकलीनं."

"मंग लय लांब."

"आणि जीपनं?"

"जीप नाय येत इकडं!"

रेखा तर असली खूश झाली! म्हणाली, "बघा, म्हणजे आपण बरोबर जागी आलोय." मी चिडले होते खरी, पण त्या बांधावर बसून चहा प्यायलो तेव्हा उठावंसं वाटेना. वेलींवर ऊन हळूहळू चढत होतं आणि बाबा आम्ही जणू तिथल्याच असल्यासारखे शेजारी बसून होते.

*

चहावरून आठवलं. कुसुमच्या खांद्याला एक मोठा थर्मास असायचा. त्या काळात पोलिओच्या डोसाचे रविवार असायचे. आता सांगा, रविवारची सकाळ, मास्तरणीसारख्या दिसणाऱ्या चार बाया, सायकली आणि खांद्याला थर्मास! एका वस्तीवर आम्ही टेकलो न टेकलो, तोच एक आजी नातवाला काखेत मारून धावत आली. पोरगं शहाणं, आधीच आ करून तयार.

कुसुम म्हणाली, "अहो आजी, आम्ही डोसवाल्या नाही. यात चहा आहे!"

आजीने थर्मासकडे पाहिलं, पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग चहाचं दोन थेंब घाला. पोरगं कवाधरनं आ करून बसलंय!"

शेवटी मंगलबाईंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा कुठे ते तोंड मिटलं.

*

निफाडच्या बाजूला कडाक्याची थंडी पडली, की घड तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. एकदा आम्ही नेमक्या त्या धुरात सापडलो. पुढचं काही दिसेना, मागचं काही दिसेना. धूर कुठला, धुकं कुठलं, कळत नव्हतं. मध्येच एखादी शेकोटी लालसर दिसायची आणि विरून जायची. आपण जमिनीवर आहोत हेच खरं वाटेना. मला तर वाटलं, हे असंच चालू राहावं, सोमवार उजाडूच नये.

तेवढ्यात उतार आला. आम्ही तिघी सुळकन खाली, आणि मंगलबाई मागून सायकल धरून चालत. शेकोटीपाशी बसलेल्या शेतकऱ्याने आपुलकीने विचारलं, "पंक्चर झाली का बाई?"

"नाही हो. उतार आहे."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "आमचा बैलबी उतारालाच अडतो. गुणाचा हाय, पन उताराला अडतो!"

आम्ही हसून हसून बेजार. मंगलबाईही हसल्या, पण निघताना मागे वळून त्या उताराकडे बघत होत्या.

*

मग बाईंचा गुडघा बिघडला. ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यापुढे सायकल विसरा. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी आम्हाला वाटलं, त्या येणार नाहीत. तर सगळ्यांच्या आधी कोपऱ्यावर हजर!

त्या दिवशी चढालाही त्या दोनदा थांबल्या. मला रडू येत होतं, ते मी रेखावर ओरडून भागवलं. माथ्यावर पोचलो. फेब्रुवारीतली सकाळ, हवेत गारवा, पिकलेल्या द्राक्षांचा गोडसर वास. समोर सरळ लांबलचक उतार आणि खाली सपाट रस्ता. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या बाया घोळक्याघोळक्याने द्राक्षं खुडायला चाललेल्या. थंडी म्हणून आम्हीही तसेच स्कार्फ बांधलेले.

बाई नेहमीसारख्या सायकलवरून उतरल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग त्यांनी आपला नऊ नंबरचा जाड चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. "धर गं."

"अहो बाई, दिसणार कसं?"

"दिसतं म्हणूनच भीती वाटते!"

आणि बसल्या. आणि सुटल्या!

"ब्रेक! बाई, ब्रेक!" कुसुम किंचाळली. बाईंनी दोन्ही पाय पेडलवरून उचलून बाजूला पसरले. पदर खोचलेला, पाठ ताठ. वेलींच्या रांगांमधून त्या लहान लहान होत गेल्या आणि खालून हसण्याचा आवाज आला. वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो, पण बाईंचं असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही सायकली तिथेच आडव्या टाकल्या आणि धावत सुटलो. धापा टाकत खाली पोचलो, तर बाई रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभ्या. डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होत्या.

"अहो ताई! बागेत चाललात का? बघितलंत का तुम्ही? तिथून, पार वरून, बसून आले मी!"

मी चष्मा पुढे करणार, तेवढ्यात कुसुमने माझा हात घट्ट धरला. रेखाने डोक्यावरचा स्कार्फ कपाळावर ओढला आणि म्हणाली, "बघितलं ना बाई! लय भारी आल्या तुमी!"