दारावरची फुली

खराडीत आम्हा आयटीवाल्यांच्या सोसायट्या नव्यानं उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. पोलिओचे डोस द्यायला एक आरोग्यसेविका घरोघर यायच्या. खांद्याला बर्फाची निळी पेटी, हातात खडू. नाव मी कधी विचारलंच नाही.

एकदा लेक दिवसभरासाठी आजोळी गेली होती, तर त्यांनी आमच्या दाराशेजारी फुली काढली.

"अहो, कालच रंग दिलाय," मी पुणेरी तोंड उघडलं.

"फुली म्हणजे या घरातलं बाळ राहिलंय. उद्या परत येते," त्या शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती. बाई सात मजले चढून आल्या. धापा टाकतच त्यांनी लेकीला दोन थेंब पाजले, करंगळीला शाई लावली आणि पदरानं फुली पुसली.

"एवढं करता, मग नोकरीत कायम केलं का तुम्हाला?" पाणी देत मी विचारलं.

त्या हसल्या. "सरकारनं आमच्याही दारावर फुली मारलीय, साहेब. परत येतो म्हणालेत. आम्ही दुसऱ्या दिवशी येतो, एवढाच फरक."

आणि त्या आठव्या मजल्याकडे निघाल्या. भिंतीवर खडूचा पांढुरका डाग उरला होता. तो पुसायचा मला धीर झाला नाही.