घटकाभर थांबा, मास्तर

"घटकाभर थांबा, मास्तर. मग ओढा की!" मी खिशात हात घातला रे घातला, की आमचे घरमालक हातातलं काम खाली ठेवून हे म्हणायचे. सिगारेट सोडा, असं मात्र त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत मास्तर होतो आणि काकांच्या, म्हणजे या घरमालकांच्या, घरात एका खोलीत बायको-मुलीसह राहत होतो. मागे त्यांचा पानवेलींचा मळा होता. माझी सुमी तीन वर्षांची. तिला दम लागायचा. पालघरच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, माझी पिवळी बोटं पाहिली आणि म्हणाले, "औषध देतो, पण आधी तुमचा धूर बंद करा." लाज वाटली हो! तरी एसटी स्टँडवर आल्या आल्या मी सिगारेट पेटवलीच. आता तुम्हीच सांगा, अशा बापाला काय म्हणावं?

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जन्माची सोडायला जाल तर जमायचं नाय. तलफ आली का मळ्यात या."

यात त्यांचा कावा होता. तुमच्यापैकी कुणी पानमळा पाहिला असेल तर ठाऊक असेल, आत जायचं ते आंघोळ करून, चपला बांधावर काढून. आत विडी पेटवायची सोयच नाही. वेल भारी सोवळी! मग मी दिवसातून चारदा वेलींच्या गारव्यात जाऊन उभा राहायचो, तलफ उतरली की बाहेर यायचो.

"एकट्यानं उपास करू नये," काका म्हणाले. "मी पण तंबाखू सोडतो." आणि कमरेची चंची त्यांनी काकींच्या हवाली केली. चार दिवसांनी मी विचारलं, "काका, त्रास होतो का?"

"मला काय होणार हाय? सहज सुटली."

मला मेल्याला त्यांचा हेवा वाटायचा.

तीन आठवडे निभावले. मग तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर असलेल्या मित्रानं मला एक परदेशी सिगारेट दिली. सोनेरी टोकाची. घरात ओढावी तर सुमी, शाळेत ओढावी तर पोरं. शहाणपणा बघा माझा, मी ती घेऊन मळ्यात शिरलो. दोन झुरके मारले आणि समोर काका.

ते मागे वळले. पानं खुडणाऱ्या बाया करंड्या घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हणाले, "आज पान खुडायचं नाय." मळ्यात विडी पेटली, तर त्या दिवशी वेलीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. बाया रिकाम्या करंड्या घेऊन परत गेल्या. त्या दिवशी त्यांच्या मळ्याची पानं विक्रीसाठी पालघर स्टेशनावर गेली नाहीत.

"काका, शिव्या तरी द्या!" मी रडवेला झालो.

"शिव्या देऊन काय होणार हाय? चला, चा घेऊ. उद्या परत या मळ्यात."

मी गेलो. त्यानंतर आजतागायत सिगारेटला शिवलो नाही. इच्छाशक्तीचं श्रेय मला देऊ नका; हात खिशाकडे गेला की त्या परत जाणाऱ्या बाया दिसायच्या. पुढच्या हिवाळ्यात सुमी माहीमच्या किनाऱ्यावर धावली. धाप नाही, काही नाही, नुसती खिदळत होती. बायको तोंडाला पदर लावून रडली.

पुढे माझी मनोरला बदली झाली. काका गेल्याचं कळलं तेव्हा दहावा उलटून गेला होता. तसाच निघालो. काकी ओटीवर एकट्या बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकी, माझी पोर त्यांच्यामुळे श्वास घेतेय. स्वतःची तंबाखू किती सहज सोडली त्यांनी!"

"सहज?" काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो मास्तर, चाळीस वर्षांची सवय ती. जेवण जायचं नाय, हात कापायचे. चंची मागायला चुलीपाशी यायचे. एकदा तर रडले हो माझ्यापुढं. मी द्यायला पण निघायची. पण मागच्या दारातनं तुमी मळ्यात उभे दिसलात, का म्हणायचे, 'राहू दे. मास्तर उभा हाय अजून.'"

मी मागच्या दारापाशी जाऊन मळ्याला हात जोडले. माणूस हयात असताना मी त्यांना साधा नमस्कारही केला नव्हता.