कापसाचा बोळा

नागपूरला असताना आमच्या घरी दात दुखला की लवंग धरायची, आणि लवंग नसली तर तंबाखूची चिमूट. त्यानेही भागलं नाही तर बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पोतं अंथरून बसणारा दात उपटणारा. वडिलांचे पुढचे दात त्याच्याकडेच गेले. ते सचिवालयात शिपाई होते. ऐन उमेदीतच त्यांचे गाल बसले, आणि आई त्यांची भाकरी दुधात, दूध नसलं तर गरम पाण्यात कुस्करून द्यायला लागली. बहुतेक वेळा पाणीच असायचं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि वडिलांचं ऑफिस भोपाळला. साहेबांच्या आधी कपाटं गेली, कपाटांबरोबर वडील गेले, पाठोपाठ आम्ही. क्वार्टर अर्धवट बांधलेलं, नळ होता पण त्याला पाणी नव्हतं, एका क्वार्टरमध्ये दोन कुटुंबं आणि मधे आईचं जुनं लुगडं बांधलेलं. आईला हिंदी येत नव्हती. भाजीवाल्यापुढे ती बोट दाखवून उभी राहायची, आणि तो जे देईल ते घेऊन परत यायची.

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो. आमच्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला याचा अभिमान आहे आणि तो लपवायची सवय मला नाही. निकालाच्या दिवशी वडील म्हणाले, "आता तू खुर्चीवर बस. उभं राहाचं काम मी करून टाकलं."

खुर्ची काही मिळाली नाही. एका मोठ्या दवाखान्यात सहायकाची नोकरी मिळाली, तीही उभ्यानेच करायची. तिथले डॉक्टर विलायतेत शिकून आलेले होते. त्यांना शोधायचं होतं की अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड रोज साफ ठेवलं तर त्याला आराम पडतो का, तो जास्त खातो का, तोंड येणं कमी होतं का. वॉर्डात खाटांच्या दोन रांगा. उजव्या रांगेतल्या रोग्यांचं तोंड मी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसायचं, ओठांना ग्लिसरीन लावायचं. डाव्या रांगेला नेहमीसारखं, म्हणजे काहीच नाही. मग दोन्हीकडे जीभ, हिरड्या बघायच्या आणि विचारायचं, आराम वाटतो का.

मला हे काम आवडलं होतं. वडिलांचे दात आठवायचे.

पहिल्या खाटेवर जुन्या शहरातला एक म्हातारा टांगेवाला होता. मी वाटी ठेवली, बोळा भिजवला आणि त्याच्या ओठांजवळ नेला. पायथ्याशी बसलेली त्याची बायको एकदम पुटपुटत दुआ म्हणायला लागली. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले आणि नाकाने बोलावं तसं म्हणाला, "बाबूजी, अभी हमारा वक़्त नहीं आया."

मला तेव्हा कळलं. त्यांच्याकडे मरणाऱ्याच्या ओठांना कापसाने पाणी लावतात. आमच्याकडे तुळशीपानाने गंगा घालतात. धर्म कुठलाही असो, आडव्या माणसाच्या तोंडाजवळ वाटी आणि ओला कापूस आला की त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळत होता. न कळणारा त्या वॉर्डात मी एकटाच, पदवीधर.

मी समजावून सांगितलं. हे औषध आहे, याने बरं वाटेल. शेजारच्या खाटेवरच्या एका सुताराला पटलं. त्याने तोंड उघडलं, मी साफ केलं, आणि संध्याकाळी तो गेला. त्याचं यकृत संपलेलं होतं, तो जाणारच होता. पण त्यानंतर माझं नाव 'रुईवाला', म्हणजे कापूसवाला, पडलं. मी दारातून आत आलो की कुणीतरी म्हणायचं, "लो, रुईवाले आ गए. देखें आज किसका नंबर है." हसायचे सगळे, पण तोंड कुणी उघडायचं नाही. आराम आहे का विचारलं तर दोन्ही रांगांतून एकच उत्तर, "सब ठीक है, साहब." ज्याच्या जिभेवर पांढरा थर साचलेला तोही हेच सांगायचा.

डॉक्टर म्हणाले, "समजावत राहा. वेळ लागतो."

अशात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. ऑफिसात साहेबांची घंटा वाजली आणि ते उठले ते खालीच पडले. खाट मिळाली ती माझ्याच वॉर्डात, उजव्या रांगेत. उजवा गाल लुळा पडला होता. भरवलेलं अन्न त्या गालात साठून राहायचं, कुजायचं. आतून कातडी सोलवटली. वास यायला लागला. मग त्यांनी खाणंच सोडलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "तोंड साफ झालं नाही तर ते खाणार नाहीत, आणि खाल्लं नाही तर फार दिवस काढणार नाहीत."

मी वाटी घेऊन गेलो. वडिलांनी मान भिंतीकडे वळवली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"मी मरून नाही राहिलो अजून."

"बाबा, हे मिठाचं पाणी आहे."

आई म्हणाली, "पाणीच ना? आणि मुलाच्याच हातचं. ठेव ते बाजूला."

शेवटचं पाणी मुलगाच घालतो. मी वाटी उचलून नेली. दोन दिवस ते पेजेचा चमचाही घेईनात.

तिसऱ्या दिवशी आई घरून त्यांची राखुंडीची डबी घेऊन आली, का ते तिलाच माहीत. ती बघून मला नागपूरची सकाळ आठवली. वडील पायरीवर बसून बोटाने हिरड्या घासायचे आणि इतक्या मोठ्याने चूळ भरायचे की शेजारचे ओरडायचे. आडवा माणूस आणि कापूस म्हणजे मरण. बसलेला माणूस, तांब्या आणि बोट म्हणजे रोजची सकाळ.

मी डॉक्टरांना म्हटलं, "बोळा नको. चहाच्या आधी उजव्या रांगेला बसवू, बोटाने घासू, तांब्याने चूळ भरू."

"मग डावी रांगही मागेल."

"मागू द्या."

"म्हणजे तुलना संपली. हे संशोधन राहणार नाही, नुसतं तोंड धुणं होईल." त्यांचं बरोबर होतं. तरी मग तेच म्हणाले, "मान पुढे झुकवून धर. ठसका लागला तर पाणी छातीत जाईल."

आईने पाठीला टेका दिला. मी मान धरली आणि बारीक केलेलं मीठ लावून बोट त्यांच्या गालात घातलं. त्यांनी तोंड उघडलं. अडकलेला भात निघाला, रक्त निघालं. चूळ जमेना, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर गेलं. मग ते तुटक तुटक म्हणाले, "बी.एस्सी. झाला... अन् बापाचे दात... घासून राहिला." थोड्या वेळाने, "दात तरी कुठं आहेत."

पहिल्या खाटेवरून टांगेवाला म्हणाला, "रुईवाले, इधर भी आना."

त्या दिवशी वडिलांनी अर्धी वाटी पेज घेतली. पुढे रोज थोडी थोडी. पण लुळेपणा हटला नाही. मग दुसरा झटका आला आणि ते शुद्धीवर आले नाहीत. गंगा मीच घातली. तोंड स्वच्छ होतं.

अभ्यास कुठेही छापला गेला नाही. डॉक्टरांची बदली झाली. तोंड साफ ठेवल्याने रोग्याला किती आराम पडतो हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही. मी तिथे होतो तोवर त्या वॉर्डात दोन्ही रांगांतल्या रोग्यांना चहाच्या आधी बसवून तोंड धुवायला देत होते. एवढं झालं.