शरयूवहिनी आणि शहपुऱ्याचा रस्ता

रस्ता रुंद करावा की रेल्वेची गाडी सुरू करावी, असं आमच्या शरयूवहिनीला कोणी विचारलं, तर ती हातातलं लाटणं न थांबवता म्हणायची, "गाडी." आणि समोर जेवायला बसलेला तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ श्रीरंग, घास तोंडाशी नेता नेता थांबायचा. रस्त्यांच्या कामावर इंजिनियर म्हणून केस पांढरे केलेला माणूस तो. मग झालं, वरण गार. मी भानुमती, श्रीरंगदादाची धाकटी बहीण. लग्नबिग्न केलं नाही, कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि नर्मदेकाठच्या आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, याच घरात ह्या दोघांच्या मध्ये बसून जेवत आले. नणंदेनं वहिनीबद्दल चांगलं बोलावं अशी जगाची रीत नाही, पण आज बोलते. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या.

वहिनी शहपुऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवते. मदनमहल स्टेशन आमच्या घरापासून जवळ. तिथून सकाळची पॅसेंजर धरायची आणि भिटौनीला उतरायचं, तेच शहपुऱ्याचं स्टेशन. गाडी हलली की वहिनी खिडकीला डोकं टेकायची, अर्धी जागी, अर्धी झोपेत. म्हणायची, "भानू, भेडाघाटच्या पुढे मी कुठे जातच नाही. मी बसून राहते आणि शेतं चालतात." कधी तिला वाटायचं, डब्याखाली रूळ नाहीतच, नर्मदेचं पाणी आहे, आणि डबा तरंगत चालला आहे. कधी समोरच्या बाकावर तिची गेलेली आई बसलेली दिसायची. आई काही बोलायची नाही, नुसती खिडकीबाहेर बघायची, आणि वहिनीला फार बरं वाटायचं. मी चिडवायचे, वहिनी, सरकार तुला झोपायचा पगार देऊन राहिलं का? ती हसायची. खरं सांगू का, अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तिचा होता. बाकीचा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लेला.

दादाचं म्हणणं असं, की माणसाला आपल्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात पोहोचायचं असतं. गाडी काही तुझ्या दारात येत नाही. रस्ता येतो. चार पदरी करा, हवा तेव्हा निघा, भुर्रकन पोहोचा. त्यावर वहिनी म्हणायची, "ताट मोठं घेतलं की माणूस वाढूनही जास्तच घेतो. रस्त्याचंही तसंच." दादा म्हणायचा, हा भूगोल नाही, हे शास्त्र आहे. मी म्हणायचे, जेवा बाप्पा दोघंही.

मग ती साथ आली, गाड्या बंद पडल्या. परत सुरू झाल्या तेव्हा सकाळच्या पॅसेंजरची वेळ बदललेली. त्या गाडीनं गेलं तर शाळेतली प्रार्थना होऊन पहिला तास संपत आलेला. बस मिळायची, पण ती हायवेवरच्या तिठ्यावर सोडायची आणि पुढे पायी. वहिनीचा गुडघा तोवर बोलायला लागला होता. नेमका तेव्हाच शहपुऱ्याकडचा रस्ता रुंद होऊन तयार झाला. दादाला आकाश ठेंगणं. आणि ठरलं असं, की अपूर्वनं आईला रोज कारनं सोडायचं आणि परत येऊन नेपियर टाऊनच्या आपल्या ऑफिसात जायचं. येताना ती बसनं येईल, संध्याकाळी घाई नसते.

अपूर्व त्यांचा एकुलता एक. चांगला मुलगा आहे, पण घरात असा राहायचा की भाडेकरूसुद्धा जास्त बोलेल. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतून. "अपू, जेवलास?" "हाँ आई, खा लिया." की खोलीचं दार बंद. आत मोबाइल आणि तो. वहिनी त्या बंद दाराकडे बघून वळायची, ते मी किती वेळा पाहिलं आहे. माझंच काळीज हलायचं, तिचं काय होत असेल. बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत म्हणतात. आमच्या पोराचे गहू घरातच पडून होते.

पहिले काही महिने रस्ता खरंच लोण्यासारखा होता. अर्ध्या तासात शहपुरा. दादा रोज विचारायचा, "किती वेळ लागला?" आणि उत्तर ऐकून मिशीत हसायचा. गाडीत मात्र मायलेक गप्प. वहिनीला कारमध्ये झोपही लागायची नाही, मुलगा चालवतो आणि आपण झोपायचं हे तिला पटेना.

पण नव्याचे नऊ दिवस. रस्ता चांगला म्हणून त्याच्या कडेला लग्नाची लॉन आली, गोदामं आली, ढाबे आले, प्लॉट पडले. ज्यांनी जन्मात गाडी घेतली नसती त्यांनी घेतली. हिवाळ्यात शहपुऱ्याकडचा मटार निघाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. अंधमूक बायपासच्या तिथे सगळं येऊन अडायचं ते अडायचंच. वहिनीचं ताट वाढून झालं होतं. दादानं विचारायचं सोडून दिलं. आणि आमची वहिनी, जी जिंकली होती, तिनं एकदासुद्धा "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. मी असते तर सोडलं नसतं.

तिला तोंड मिटायला कारण होतं. डिसेंबरच्या एका सकाळी धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. सगळं थांबलेलं. काचा पांढऱ्या, बाहेर ना रस्ता, ना शेत, ना आकाश. कोणीतरी कुठेतरी खोकलं, तेवढाच आवाज. गाडी जमिनीवर आहे की नाही हेही कळेना, असं वहिनी सांगते. त्यात अपूर्वनं स्टिअरिंगवर हात ठेवून विचारलं, "आई, तू छोटी थी तब कहाँ रहती थी?" सत्तावीस वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा विचारलं. वहिनीनं सांगितलं. घर सांगितलं, विहीर सांगितली, आजोबांची घोडी सांगितली. पुढचा दिवा हलला तेव्हा दोघांनाही जरा वाईटच वाटलं.

मग ते रोजचंच झालं. हात चाकावर, मोबाइल खिशात, डोळे समोर. एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं म्हणून की काय, पोरगा मोकळा झाला. आधी हिंदी, मग मोडकंतोडकं मराठी. ऑफिसात त्याला कशाची भीती वाटते ते सांगितलं. इंदूरची एक मुलगी होती, तिनं नाही म्हटलं, तेव्हा हा गच्चीवर जाऊन रडला होता. आम्ही खाली टीव्ही बघत होतो आणि आम्हाला पत्ता नाही. वहिनीनं त्याला समजावलंबिमजावलं नाही. म्हणाली, "मग?" आणि तो बोलत गेला. संध्याकाळी ती घरी यायची आणि पोळ्या लाटताना मला म्हणायची, "भानू, आज खूप जाम होता." सणाला श्रीखंड केलं होतं हे सांगावं तशा आवाजात.

जानेवारीत शहपुऱ्यात सभा ठरली. मोठे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होते. हा रस्ता आणखी दोन पदर वाढवायचा, की सकाळ-संध्याकाळ नोकरदारांसाठी एक गाडी मागायची? शाळेतल्या सगळ्यांनी वहिनीला पुढे केलं. तुम्ही सगळ्यांत जुन्या, तुम्हीच बोला. त्यात तिच्या शाळेतली रुचिरा म्हणून एक तरुण शिक्षिका, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आधारतालला राहणारी. तिचं लेकरू लहान. सकाळी ती निघते तेव्हा ते झोपलेलं, संध्याकाळी जाममधून पोहोचते तेव्हाही झोपलेलं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी वहिनी निवडत बसलेली मेथी तशीच ठेवून म्हणाली, "भानू, मी उद्या बोलले आणि गाडी सुरू झाली, तर अपू मला मदनमहलला सोडेल. गल्लीतून निघालो की स्टेशन. संपलं."

"मग नको बोलू. काहून बोलतेस?" मी म्हणाले. मला रागच आला होता, कोणावर ते मात्र कळेना.

"मला तो आत्ता कुठे मिळाला आहे गं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग पुन्हा मेथी घेतली. "पण रोज उशीर होतो म्हणून त्याचा साहेब त्याला बोलून राहिला. तो मला सांगत नाही, त्याच्या फोनवरचं बोलणं मला ऐकू आलं. आणि त्या रुचिराचं पोर आईला ओळखेनासं व्हायचं."

सभेला मी आणि दादाही गेलो. वहिनी उभी राहिली. ती म्हणाली, "या रस्त्यानं मला फार दिलं. किती, ते इथे सांगता येत नाही. पण आणखी रुंद केला तर आणखी भरेल. आमच्या मुली घरी पोहोचतात तेव्हा त्यांची लेकरं निजलेली असतात. आम्हाला गाडी द्या." एवढंच बोलून ती बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा तिच्याकडे बघत राहिला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "चलो, मान्य." संसारात पहिल्यांदा हरला, तेही चपला घालता घालता.

गाडी मंजूर झाली. प्रयोग म्हणून का होईना, मार्चमधल्या एका सोमवारपासून. त्याआधीच्या शनिवारी वहिनी शेवटची कारनं निघाली. मीही मागे बसले, हंगामातला शेवटचा मटार शहपुऱ्याच्या बाजारातून आणायचा म्हणून. दुसरा शनिवार, बँका आणि निम्म्या कचेऱ्या बंद. ट्रॉल्या संपलेल्या. दादानं जन्मभर कागदावर काढला तसा रस्ता त्या दिवशी समोर पडला होता. अंधमूकला आम्ही थांबलोसुद्धा नाही. कडेच्या शेतांतून गव्हाचा पिवळा उजेड येत होता, आणि वहिनी मान पुढे काढून बघत होती, एखादा ट्रक आडवा झाला असेल, एखादं फाटक लागलं असेल. काही नव्हतं. अपूर्व मुंग्यांच्या चालीनं चालवत होता, मागून स्कूटरवालेसुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. तरी शहपुरा आलंच. दोघांचं बोलणं "आज ऊन लवकर पडलं" यापुढे गेलंच नाही.

शाळेचं फाटक अजून उघडलं नव्हतं. अपूर्वनं इंजिन बंद केलं.

"लवकर पोहोचलो," वहिनी म्हणाली. पर्स उचलली, दाराच्या कडीवर हात ठेवला. "सोमवारपासून तुझी सुटका रे बाबा. साहेबही खूश होईल."

"साहेब का क्या है," तो म्हणाला. समोरच्या काचेकडे बघत राहिला. मग एकेक शब्द शोधत म्हणाला, "पण आई, मी कोणाशी बोलू मग?"

वहिनीचा हात कडीवरून निघाला. "घरी बोल ना, अपू. मी घरीच असते."

"घर पे नहीं होता, आई."

वहिनीनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, स्टिअरिंगवर होता तिथेच. फाटक उघडलं, पोरं आत जायला लागली, एकदोघांनी खिडकीतून नमस्ते मॅडम केलं. घंटा झाली तरी वहिनी उतरली नाही. मी मागच्या सीटवर बसून तोंडावर पदर घेतला आणि पोटभर रडून घेतलं, आणि त्या दोघांना याचा पत्ताही नव्हता.