हात न करणारा डेल्मर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा डेल्मर याने जन्मात कधी गाडी गॅरेजमध्ये नेली नाही. "दुसऱ्यानं दुरुस्त केली तर गाडी माझी कशी?" असा त्याचा खडा सवाल. गाडी म्हणजे शहाऐंशी सालचा पिकअप. एक दार निळं, दुसरं तपकिरी. आतला बाक मोडीत काढलेल्या शाळेच्या बसचा. माझ्या बाजूच्या दाराला त्याने बाथरूमची कडी बसवली होती. मी चढले की बहीण लोरीन ओट्यावरून ओरडायची, "कडी लाव गं, नाहीतर वळणावर उतरशील!"

एप्रिलमध्ये त्याने पुढच्या चाकांचे झिजलेले सांधे काढून नवे घातले. त्याचा जिवलग मित्र हॉइट शेजारी कॉफी पीत उभा होता. तो म्हणाला, "लेका, चाकं सरळ लावायला मशीन लागतं. गॅरेजला ने."

"मला सुतळी पुरते," डेल्मर म्हणाला आणि चाकांची रेष बघायला त्याने सुतळी ताणली.

सुतळी पुरली नाही. त्या दिवसापासून गाडी सारखी डावीकडे ओढू लागली, चारा दिसलेल्या खेचरासारखी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं तरच ती रस्त्यावर राही.

एवढ्यावर भागलं असतं. पण केंटकीतल्या आमच्या डोंगरी खोऱ्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं बोट उचलायचं असतं. ओळख असो, नसो, कालच कोर्टात भांडलेले असा, बोट उचलायचं. जो उचलत नाही तो एकतर मेलाय किंवा माजलाय. डेल्मर तर धडधडीत जिवंत होता. झालं, गावभर चर्चा सुरू! पाद्रीबुवांनी रविवारी गर्वावर प्रवचन दिलं आणि सबंध वेळ आमच्या बाकाकडे बघत राहिले.

लोकांचं सोडा. हॉइटने समोरून तीनदा हात केला आणि तिन्ही वेळा डेल्मर ढिम्म राहिला. हॉइट दर शनिवारी संध्याकाळी डेल्मरच्या ओट्यावर बीन्स आणि मक्याचा पाव खायला यायचा. आमची लग्नकार्यं, मयतं, कशानंही तो शनिवार चुकला नव्हता. तो आता यायचा बंद झाला.

"अरे, सांगून टाक ना त्याला गाडी ओढते म्हणून," मी म्हटलं.

"आणि तो काय म्हणेल? 'मी सांगितलं होतं!' हे वाक्य मी आजवर त्याच्या तोंडून ऐकून घेतलेलं नाही."

असला आडमुठा माणूस! मैत्री गेली तरी चालेल, पण सुतळी चुकली असं म्हणणार नाही. मला तर त्याच्याच पान्ह्याने त्याला बडवावंसं वाटत होतं. त्याने काय करावं? भंगारातून वायपरची मोटर आणली, कामाच्या हातमोज्यात चिंध्या कोंबल्या, तो मोटरला जोडून काचेमागे बसवला आणि स्टिअरिंगजवळ, हात न सोडता अंगठ्याने दाबता येईल असं बटण लावलं. बटण दाबलं की मोजा इकडून तिकडे हात करायचा. आख्खं खोरं खूश झालं. पाद्रीबुवांनी गाडी थांबवून पुन्हा एकदा करायला लावलं.

हॉइट मात्र पेटला. पेंडीच्या दुकानात त्याने लोरीनला गाठलं. "तुझ्या नवऱ्याला सांग, मला हात करायला माणूस ठेवलाय, तसा बोलायलाही ठेव एखादा."

त्या शनिवारी डेल्मर ओट्यावर हॉइटच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता आणि त्याने पहिल्यांदाच बीन्स दुसऱ्यांदा मागितल्या नाहीत. तेव्हा मात्र मला त्याची फार कीव आली.

पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर बाजारातून परत येत होते. हॉइटच्या मक्याच्या शेताजवळ समोरून हॉइटची गाडी दिसली. डेल्मरने बटणाकडे पाहिलं. मग हॉइटकडे पाहिलं. आणि बटण न दाबता त्याने आपला खराखुरा उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि चांगला उंच केला.

गाडीने तत्काळ डावी धरली, आणि आमच्याकडे समोरची गाडी डाव्या अंगानेच येते. हॉइटच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून आम्ही त्याच्याच मक्यात घुसलो. बाथरूमची कडी टिकली, हे कबूल करते. धक्क्याने बटण अडकलं आणि मोजा एकटाच मक्याच्या कणसांना हात करत बसला.

हॉइट धापा टाकत आला. "प्यायलास काय रे?"

"नाही."

"मग हे काय?"

"तुला हात केला."

हॉइटने वाकून चाकांकडे पाहिलं. "एप्रिलपासून अशी ओढते?"

"हो. आता म्हण, 'मी सांगितलं होतं.' एकदाचं म्हणून टाक."

हॉइटने ते म्हटलं नाही. खाकरून तो म्हणाला, "डावं चाक कशावरून मापलंस?"

"ओट्याच्या कडेवरून. सुतळी तिथंच बांधली होती."

ट्रॅक्टरने गाडी ओढत आम्ही घरी आणली. हॉइटने ओट्याला टेप लावला, घराच्या भिंतीपासून या टोकाला, मग त्या टोकाला. पुन्हा लावला. "गधड्या, तुझा ओटाच वाकडा आहे! त्या टोकाला चांगला चार बोटं बाहेर गेलाय!"

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं निघालं. मी पायरीवर बसून पोट धरधरून हसले. लोरीन डोळे पुसत हसली.

डेल्मर हसला नाही. तो डोकं खाजवत ओट्याच्या त्या टोकाकडे बघत होता. हा ओटा त्याने त्याच्या लग्नाच्या वर्षी बांधला होता आणि मदतीला एकच माणूस होता.

"हॉइट," तो हळूच म्हणाला, "त्या टोकाला टेप कोणी धरला होता रे?"

हॉइटने टेप गुंडाळून खिशात टाकला. ओट्यावर चढला, आपल्या खुर्चीत बसला आणि आत बघून म्हणाला, "लोरीन, बीन्स झाल्या का गं?"