सकाळी दहाचं पाणी

“ताईंच्या व्हिडिओला गावातल्या मतदारांपेक्षा जास्त व्ह्यूज आहेत,” बॉस म्हणाले. “आता ताईंचं दारोदार फिरणं बंद. राहिलेले सहा दिवस फक्त शूटिंग.”

ताई म्हणजे आमच्या उमेदवार. बिलोलीकडच्या एका लहान नगरपंचायतीत नगराध्यक्षपदाला उभ्या होत्या. पहिलीच निवडणूक. मी लातूरच्या प्रचार एजन्सीत सर्व्हेचं काम बघतो. आधी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, त्यामुळे मोठा आकडा दिसला की मला पहिली शंका येते. व्ह्यू म्हणजे कुणाच्या तरी स्क्रीनवर व्हिडिओ चालला, एवढंच. तो माणूस पुण्यात असेल, नाहीतर हैदराबादेत.

म्हणून मी व्हिडिओत एक खुणेचा शब्द घालून ठेवला होता. सभेत ताई म्हणायच्या, “पाणी वेळेवर देईन.” व्हिडिओत मात्र, “सकाळी दहाला देईन.” ज्याच्या तोंडी ‘दहा’ येईल, त्याच्यापर्यंत व्हिडिओ पोचला असं समजायचं.

“दहाच का, सर?” ताईंनी तेव्हा विचारलं होतं.

“काहीतरी एक वेळ पाहिजे ना,” मी म्हणालो. आमचं ऑफिस दहाला उघडतं, तेच डोक्यात होतं.

बॉसकडून एक दिवस मागून घेतला आणि गावात गेलो. प्रश्न एकच, ताईंनी काय कबूल केलंय? पाण्याचं नाव मी काढत नव्हतो. तरी घरोघरी ‘दहा’ ऐकू येत होतं. मी मनातून खूश. रानात मजुरीला जाणाऱ्या गंगाबाईंकडे तर फोनही नव्हता, पण त्यांनाही ठाऊक.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सुनेनं. कापूस वेचताना समद्यांला ऐकविलं फोनवर.” मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पर भाऊ, दहाला आमी रानात असतो. नळ आला तर पानी भरनार कोन? आमच्या गल्लीत ठरलंय, तिला मत द्यायचं न्हाई.”

व्हिडिओ पोचला होता, आणि मतं घालवत होता.

संध्याकाळी ताईंना सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

“मी विचारलं होतं की तुमाला,” एवढंच म्हणाल्या आणि चप्पल घातली. “कोणती गल्ली?”

शूटिंग राहिलं बाजूला. बायकांनी संध्याकाळची सातची वेळ सांगितली. ताईंनी गंगाबाईंच्या दारातच, सुनेच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर ‘सातला देईन’ असं बोलून दाखवलं. व्हिडिओ हलला होता, मागे शेळी ओरडत होती. व्ह्यूज मोजकेच. बॉस दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

ताई थोडक्यात निवडून आल्या. व्हिडिओमुळे की पायपिटीमुळे, हे मला वेगळं करता आलं नाही. रिपोर्टात तसंच लिहिलं.

परवा त्यांचा फोन आला. “सर, नळ पाच मिनिटं लेट झाला की गंगाबाई दारात हजर. सुनेचा फोन घेऊन येत्यात, तोच सातचा व्हिडिओ दाखवत्यात.” तक्रार होती, पण आवाज हसरा होता. मलाही फार बरं वाटलं.

मी ज्याला रिपोर्टात खुणेचा शब्द म्हणत होतो, त्याला गावात शब्द देणं म्हणतात.